उजळणी : मोटारीची आणि माणसांची

(हीरकमहोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही ‘उजळणी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ज्या दिवशी एकोणतिसाचा पाढा नव्याने पाठ होतो, नेमक्या त्याच दिवशी सतराच्या पाढ्यात मूल अडखळते, हे जुने शिक्षक ओळखून असत. म्हणून नवा पाढा म्हणून झाला की ते मुलांना पुन्हा ‘बे एके बे’पासून सुरुवात करायला लावत. मुलांना तो जाच वाटे. पण नवे येताना जुने निसटले तर नाही ना, हे पाहण्याचा याहून साधा आणि खात्रीचा उपाय दुसरा नव्हता.

अशा शाळांतून शिकून बाहेर पडलेले कितीतरी जण आज पुणे, बंगळूर, हैदराबाद, चेन्नई या शहरांत मोटारींच्या सॉफ्टवेअरवर काम करतात. घरच्या मंडळींना आपले काम नेमके काय आहे हे सांगताना त्यांची तारांबळ उडते. वास्तविक त्या कामाचा मोठा भाग म्हणजे उजळणीच होय. इंग्रजी नाव ‘रिग्रेशन टेस्टिंग’. रिग्रेशन म्हणजे मागे घसरणे. नव्या सुधारणेच्या नादात जुने कौशल्य मागे घसरले आहे का, याची ती तपासणी. ती कशी चालते, कोठे तोकडी पडते आणि तिच्यात माणसाच्या सचोटीला किती मोठे स्थान आहे, याची ओळख करून द्यावी, एवढाच या व्याख्यानाचा हेतू.

प्रथम विषय काय तो पाहू. अलीकडच्या अनेक मोटारींत चालकाला मदत करणारी यंत्रणा असते. जाहिरातींत तिचे नाव ‘एडास’ असे येते. गाडी आपल्या लेनमधून सरकू लागली तर स्टिअरिंग हलकेच वळवून तिला मध्यावर आणणे, पुढच्या वाहनापासून ठरावीक अंतर राखणे, टक्कर अटळ दिसताच स्वतः ब्रेक लावणे, अशी तिची कामे. चालक चाकामागेच बसलेला असतो आणि जबाबदारीही त्याचीच असते; यंत्रणा ही सोबतीला दिलेली डोळ्यांची दुसरी जोडी. या जोडीला दिसते ते कॅमेरा आणि रडार यांच्याद्वारे, आणि दिसलेल्याचा अर्थ लावते ते सॉफ्टवेअर.

सॉफ्टवेअर कधीच पूर्ण होत नाही. त्यात दुरुस्त्या चालूच राहतात. समजा, उड्डाणपुलाची रस्त्यावर पडलेली सावली पाहून गाडी विनाकारण ब्रेक लावते, अशी तक्रार आली. अभियंत्याने शोध घेतला, चूक दुरुस्त केली, गाडी सावलीला दचकेनाशी झाली. सर्वांना समाधान वाटले. परंतु त्याच दुरुस्तीमुळे सावलीत उभा असलेला काळपट ट्रक ओळखायला तिला पूर्वीपेक्षा अर्धा सेकंद अधिक लागू लागला असेल तर? ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात ११ मीटर पुढे गेलेली असते. एक दोष काढला आणि दुसरा, अधिक घातक दोष आत आला. तो येताना कोणाला दिसलाही नाही, कारण सर्वांचे लक्ष सावलीकडे होते.

ही केवळ कल्पना नव्हे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेत टेस्ला कंपनीने काही निवडक ग्राहकांच्या गाड्यांत आपल्या सॉफ्टवेअरची १०.३ ही नवी चाचणी-आवृत्ती पाठवली. दुसऱ्याच दिवशी ती मागे घ्यावी लागली. काही गाड्या समोरच्या टकरीचा खोटा इशारा देत होत्या आणि काहींचे आपत्कालीन ब्रेक अनपेक्षितपणे लागण्याचा धोका निर्माण झाला होता. गाडीतील दोन चिपांमधला सॉफ्टवेअरचा संवाद विशिष्ट परिस्थितीत तुटतो, असे कारण पुढे आले. एकूण ११,७०४ गाड्यांसाठी कंपनीला तेथील सुरक्षा नियामकाकडे अधिकृत ‘रिकॉल’ नोंदवावा लागला. आधीची आवृत्ती या बाबतीत बरी होती. नवी आवृत्ती मागे घसरली होती. रिग्रेशन म्हणतात ते हेच.

मग प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी पुन्हा सगळ्या रस्त्यांवर फिरवून पाहावी काय? ते अशक्य आहे. गेल्या पावसाळ्यातली नेमकी तीच संध्याकाळ, तोच ओला रस्ता, तोच मध्येच शिरलेला दुचाकीस्वार पुन्हा आणणार कोठून? अभियंत्यांनी यावर उपाय शोधला, तो नोंदवहीचा.

‘लॉग’ हा शब्द मुळात जहाजांवरचा. दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात सोडून खलाशी जहाजाचा वेग मोजत आणि तो वहीत टिपत. त्या तुकड्यावरून वहीला ‘लॉगबुक’ हे नाव पडले. चाचणीच्या मोटारीतही अशी वही असते, फक्त ती संगणकाच्या स्मृतीत लिहिली जाते. कॅमेऱ्याने टिपलेले प्रत्येक चित्र, रडारने मोजलेले प्रत्येक अंतर, चाकांची गती, स्टिअरिंगचा कोन, ब्रेकवर पडलेला पाय हे सारे वेळेच्या शिक्क्यासह नोंदले जाते. मोटारीचे अवयव एकमेकांशी ‘कॅन’ नावाच्या तारांच्या जाळ्यातून बोलतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडलेली ही पद्धत आज जवळपास प्रत्येक मोटारीत आहे. त्या जाळ्यावरचे संभाषणही या वहीत उतरवून घेतले जाते.

आता उजळणी कशी होते ते पाहू. कार्यालयातल्या संगणकावर नवे सॉफ्टवेअर चालू करतात आणि जुन्या प्रवासाचा लॉग त्याला जसाच्या तसा भरवतात. सॉफ्टवेअरला वाटते, गाडी रस्त्यावर धावत आहे. कॅमेऱ्याची तीच चित्रे त्याच क्रमाने येतात, रडार तीच अंतरे सांगते. त्यावरून सॉफ्टवेअर आपले निर्णय देत जाते : इतके वळ, इतका वेग कमी कर, आता ब्रेक लाव. हे निर्णय आधीच्या आवृत्तीच्या जपून ठेवलेल्या निर्णयांशी ताडून पाहतात. जपून ठेवलेले निर्णय म्हणजे शिक्षकाजवळची उत्तरसूची. उत्तर जुळले तर ठीक. जुळले नाही, तर कोणत्या क्षणी, कोणत्या बाबतीत आणि कितीने फरक पडला, याची यादी समोर येते.

हे काम उघड्यावर पाहायचे असेल तर ‘ओपनपायलट’चे उदाहरण घ्यावे. जॉर्ज हॉट्झ यांनी २०१५ साली स्थापन केलेल्या कॉमा एआय या अमेरिकी कंपनीचे हे चालक-सहाय्य सॉफ्टवेअर. २०१६ च्या अखेरीस ते सर्वांसाठी खुले झाले, त्यामुळे त्याच्या तपासण्याही कोणालाही वाचता येतात. त्यांतल्या एका तपासणीचे नाव आहे ‘प्रोसेस रिप्ले’. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोटारींतून नोंदलेले प्रवासाचे एकेका मिनिटाचे तुकडे तिच्यासाठी निवडून ठेवलेले आहेत. जगात कोठेही बसलेल्या माणसाने सॉफ्टवेअरमध्ये बदल सुचवला की हे तुकडे त्या बदललेल्या सॉफ्टवेअरच्या एकेका भागातून आपोआप पुन्हा चालवले जातात आणि उत्तरे ताडली जातात. बदल सुचवणारा नवखा असो की कंपनीतला मुरलेला अभियंता असो, प्रश्नपत्रिका एकच.

या पद्धतीला एक कडक अट आहे. तोच प्रश्न दहा वेळा विचारला तर दहाही वेळा तेच उत्तर आले पाहिजे. सॉफ्टवेअर जर संगणकाच्या घड्याळाकडे पाहून वागत असेल, किंवा त्याच्या दोन भागांत आधी कोण बोलणार हे दर वेळी बदलत असेल, तर उत्तरेही दर वेळी थोडी वेगळी येतील. मग खरा फरक कोणता आणि योगायोग कोणता, हे ओळखता येणार नाही. म्हणून पुनरावृत्तीच्या वेळी सॉफ्टवेअरला भिंतीवरचे घड्याळ दाखवत नाहीत. त्याने लॉगमधल्या घड्याळाप्रमाणे चालायचे. दशांशाच्या शेवटच्या स्थळावरचे क्षुल्लक फरक सोडून देतात. एखादे काम करायला संगणकाला किती वेळ लागला यासारख्या नोंदी ताडणीतून वगळतात. काय सोडून द्यायचे हे ठरवण्यातही विवेक लागतो. फार सोडले तर दोष निसटतो. काहीच सोडले नाही तर खोट्या तक्रारींचा इतका पाऊस पडतो की खऱ्या तक्रारीकडे कोणी पाहत नाही.

येथपर्यंतचे सारे यंत्राला जमते. यापुढचे जमत नाही.

उत्तर बदलले, एवढेच यंत्र सांगू शकते. ते सुधारले की बिघडले, हे त्याला सांगता येत नाही. उत्तरसूची म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. ती केवळ काल काय झाले याची नोंद. कालचे वागणेच चुकीचे असू शकते, आणि आजची दुरुस्ती ते बदलण्यासाठीच केलेली असते. म्हणून फरकांची यादी माणसापुढे येते. त्यातले काही फरक हवे होते तेच असतात : गाडी सावलीला दचकत नाही. काही निरुपद्रवी असतात. आणि एखादा असा असतो की त्याचा दुरुस्तीशी काही संबंधच दिसत नाही : कोण्या दूरच्या गावाबाहेरच्या वळणावर गाडी आता किंचित उशिरा वेग कमी करते आहे. का, ते कोणालाच ठाऊक नाही. तपासणीचे सारे मोल या शेवटच्या फरकात आहे.

कल्पना करावी. शुक्रवारची संध्याकाळ आहे. सोमवारी नवी आवृत्ती द्यायची आहे. शेकडो तुकड्यांची उत्तरे जुळली, तीन जुळली नाहीत. पडद्यावर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे तिन्ही तुकडे उघडून, चित्र न् चित्र पाहून कारण शोधणे. त्यात शनिवार-रविवार जाईल. दुसरा मार्ग म्हणजे नवी उत्तरे हीच यापुढची उत्तरसूची, असे जाहीर करणे. त्याला एक आज्ञा पुरते. तसे केले की तपासणी तत्काळ उत्तीर्ण होते, सर्वत्र हिरवी खूण दिसते, आणि तो फरक पुन्हा कधीही कोणाच्या नजरेस येत नाही. कारण चूक आता उत्तरसूचीतच जाऊन बसलेली असते. पुढची प्रत्येक आवृत्ती त्या चुकीशी ताडली जाईल आणि तिच्याशी जुळली म्हणून बरोबर ठरेल.

विद्यार्थ्याने चुकवलेले गणित पाहून शिक्षकाने आपल्याजवळचे उत्तरच खोडून बदलावे, तसा हा प्रकार. ही आज्ञा देण्याचा अधिकार अभियंत्याला असावाच लागतो, कारण खरोखर सुधारलेल्या उत्तरांची नोंद बदलणे आवश्यकच असते. म्हणून जाणत्या संघांत दोन नियम पाळले जातात. उत्तरसूची बदलणाऱ्याने कारण लिहून ठेवायचे, आणि दुसऱ्या कोणीतरी ते वाचून संमती द्यायची. नियम साधे आहेत. ते मोडणेही तितकेच सोपे आहे, आणि मोडले तर त्या दिवशी कोणालाही कळत नाही. कळते ते पुढे कधीतरी, रस्त्यावर.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. लॉग म्हणजे घडून गेलेला प्रवास, आणि घडून गेलेले बदलत नाही. प्रत्यक्ष प्रवासात जुन्या सॉफ्टवेअरने ब्रेक उशिरा लावला होता, आणि नवे सॉफ्टवेअर दोन सेकंद आधी ब्रेक लावायला सांगते, असे समजा. आज्ञा दिली, पण लॉगमधली गाडी थांबत नाही. ती त्या दिवशीच्याच वेगाने पुढे जात राहते, कारण पुढची चित्रे तेव्हाच टिपलेली आहेत. त्या क्षणापासून नवे सॉफ्टवेअर आणि जुना प्रवास यांची फारकत होते, आणि पुढची उत्तरे पूर्वीइतकी विश्वासार्ह राहत नाहीत. म्हणून तुकडे लहान ठेवतात, आणि जेथे निर्णयाचा परिणाम पाहायचा असतो तेथे लॉगवरून कृत्रिम रस्ता रचून त्यावर गाडी मोकळी सोडतात. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. जे कधी नोंदलेच गेले नाही, त्याची उजळणी होऊ शकत नाही.

या जागी एका मृत्यूची आठवण करणे भाग आहे. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टेम्पी शहरात ४९ वर्षांची एक महिला हाताने सायकल ढकलत रस्ता ओलांडत होती. उबर कंपनीची, चालक-सहाय्याच्या एक पायरी पुढची, स्वयंचलित वाहनाची चाचणी करणारी गाडी समोरून आली आणि त्या धडकेत तिचा अंत झाला. गाडीत देखरेखीसाठी बसलेल्या व्यक्तीची नजर रस्त्यावर नव्हती. गाडीने आपली सारी नोंद ठेवलेली होती. तिच्यावरून अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने क्षणाक्षणाचा हिशेब मांडला. यंत्रणेला ती महिला धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. पण ती कोण, हे यंत्रणा ठरवू शकली नाही. कधी वाहन, कधी अन्य वस्तू, कधी सायकल असे तिचे वर्गीकरण बदलत राहिले. आणि दर वेळी वर्गीकरण बदलले की ती वस्तू आधी कोठे होती, कोठून कोठे सरकत आली, हा इतिहास यंत्रणा विचारातून काढून टाकत असे. म्हणून समोरची आकृती रस्ता ओलांडत आहे, हे तिच्या ध्यानात येईपर्यंत फार उशीर झाला होता.

नाव बदलले की मागचे विसरायचे, या एका सवयीने केवढा घात केला! यंत्राला दृष्टी होती, स्मृती नव्हती.

पुढे कंपनीने तीच नोंद सुधारलेल्या सॉफ्टवेअरपुढे पुन्हा चालवून पाहिली. नव्या सॉफ्टवेअरने ती महिला सुमारे ८८ मीटर अंतरावरून पादचारी म्हणून ओळखली, आणि धडकेच्या क्षणाच्या ४ सेकंदांहून अधिक आधी ब्रेक लावायला सुरुवात केली असती, असा निष्कर्ष निघाला. हा निष्कर्ष वाचताना समाधान आणि विषाद एकदमच दाटून येतात. लॉग पुन्हा चालवता येतो, ती रात्र पुन्हा आणता येत नाही. ज्यांनी अशी नोंद एकदा पाहिली त्यांच्यावर एक ऋण राहते : तो प्रश्न प्रश्नपत्रिकेतून कधीही वगळायचा नाही. यापुढच्या प्रत्येक आवृत्तीला तो विचारला गेला पाहिजे, उत्तर दर वेळी बरोबर येत असले तरीही.

प्रश्नपत्रिकेचा विचार भारतात तर अधिकच गांभीर्याने करायला हवा. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सर्वाधिक, म्हणजे सुमारे ४४ टक्के, दुचाकीवरची होती. जर्मनीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या महामार्गावर नोंदलेल्या प्रवासांत उलट दिशेने येणारी दुचाकी, ऊस भरलेली बैलगाडी, रस्त्याच्या मध्ये निवांत बसलेली गाय, दिवे नसलेली ट्रॉली किंवा वरात क्वचितच सापडेल. त्या प्रश्नपत्रिकेत शंभरपैकी शंभर मिळवलेले सॉफ्टवेअर येथल्या रस्त्यावर पहिल्याच चौकात गोंधळेल. ही उणीव ओळखून हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१८ मध्ये ‘इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट’ हा संग्रह खुला झाला. हैदराबाद, बंगळूर आणि त्यांच्या आसपासच्या रस्त्यांवरील १८२ प्रवासांतून निवडलेली १०,००० चित्रे त्यात आहेत, आणि रस्त्यावरील गोष्टींचे ३४ प्रकार बारकाईने आखून दाखवले आहेत. ऑटोरिक्षा हा त्यात स्वतंत्र प्रकार आहे. परदेशी संग्रहात जिला नावही नव्हते, तिला येथे नाव मिळाले. ज्याला नाव नाही त्याची उजळणी होत नाही, हे पाढे शिकवणाऱ्याला निराळे सांगायला नको.

पालकहो, ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी या विवेचनातून दोन-तीन गोष्टी जरूर घ्याव्यात. सॉफ्टवेअर बदलले की गाडी थोडी बदलते. म्हणून नव्या आवृत्तीनंतरचे काही दिवस, परिचयाच्या रस्त्यावरही, अधिक सावध राहावे. यंत्रणा मदतनीस आहे, सारथी नव्हे. हात स्टिअरिंगवर आणि नजर रस्त्यावर असलीच पाहिजे. आणि गाडी विनाकारण थांबली किंवा थांबायला हवे तेथे थांबली नाही, तर ‘टळले एकदाचे’ म्हणून सोडून न देता वेळ, ठिकाण आणि हवामान टिपून कंपनीला कळवावे. सांगितलेली प्रत्येक चूक प्रश्नपत्रिकेतला नवा प्रश्न होऊ शकते. न सांगितलेली चूक दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येते.

आणि जे माजी विद्यार्थी हे काम करतात, त्यांच्यासाठी एवढेच. एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी तीन तुकडे जुळणार नाहीत. घरी वाट पाहणारी माणसे असतील, वरिष्ठांचा फोन येऊन गेला असेल. त्या वेळी पडद्यावरच्या त्या तीन ओळींच्या पलीकडे सायकल ढकलत रस्ता ओलांडणारे कोणीतरी आहे, हे विसरू नये.

शाळेला साठ वर्षे पूर्ण होत असताना हा विषय का, असे कोणाच्या मनात आले असेल. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या कपाटात एक लॉगबुक असते. वर्गावर जाऊन पाहिलेल्या पाठांची निरीक्षणे त्यात लिहिलेली असतात : फळ्यावरचे अक्षर चांगले; मागच्या बाकावरील मुलांना प्रश्न विचारले नाहीत; उत्तर चुकलेल्या मुलीला पुन्हा संधी दिली नाही. सत्काराच्या भाषणांत या नोंदी येत नाहीत. पण शाळा पुढे जाते ती त्यांच्या बळावर. हीरकमहोत्सव म्हणजे यशाची यादी वाचण्याचा सोहळा, तसाच ती जुनी वही उघडून बसण्याचाही दिवस. फळा जाऊन पडदा आला, पाठ्यपुस्तके बदलली, अभ्यासक्रम बदलले. मागच्या बाकावरच्या मुलाला प्रश्न विचारला जातो का, हा प्रश्न मात्र जुनाच आहे आणि तो दर वर्षी नव्याने विचारावा लागेल. उत्तर बदलले असेल, तर ते सुधारले की बिघडले हे कोणीतरी बसून, पाहून, स्वतःच्या सहीने लिहावे लागेल.

उद्या सकाळी प्रार्थनेनंतर पहिलीच्या वर्गातून नेहमीचा आवाज येईल. नवा पाढा शिकवून झाला असेल, आणि बाई सांगतील, आता पुन्हा पहिल्यापासून.